बराकीतली कामवाटणी

इंदिरानगरच्या बुद्धभूषणने बेदरकारपणे चालवलेल्या गाडीखाली सापडून एक माणूस गेला. कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली. त्याने ती मान्य केली, अपील केलं नाही.

तुरुंगात पहिल्याच सकाळी बराकीची कामं वाटणाऱ्या जिभाऊ या जुन्या कैद्याने त्याला आडनाव विचारलं. ऐकताच म्हणाला, "तू संडास धू. तुमच्या लोकांचंच काम हाय ते."

"शिक्षा मला गुन्ह्याची झालीय जिभाऊ, जातीची नाही," बुद्धभूषण शांतपणे म्हणाला. त्याच दिवशी त्याने तुरुंग अधीक्षकांना अर्ज लिहिला. जात बघून कैद्याला काम देणं घटनेविरुद्ध आहे, सर्वोच्च न्यायालयानेच तसं सांगितलंय, म्हणून कामं सगळ्यांना आळीपाळीने द्यावीत.

अधीक्षकांनी अर्ज दोनदा वाचला आणि भिंतीवर नवी यादी लागली. बुद्धभूषण पोळ्या लाटायला गेला.

चौथ्या आठवड्यात संडास त्याच्या वाट्याला आले. घंटा व्हायच्या आत तो बादली घेऊन हजर होता. जिभाऊला हसू आलं. "काय रे, आज अर्ज नाय का?"

"आज कशाला? आज माझी पाळी आहे." बुद्धभूषणने दुसरा ब्रश त्याच्यापुढे धरला. "आणि यादी नीट वाचा जिभाऊ, तुमचीही आहे."