यासीनचं सील

कृष्णकांत सरांनी पिशवीतून मशीन काढून काउंटरवर ठेवलं आणि फरहाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिथल्या तिथे थांबला.

जुना घरगुती कॉम्प्युटर. कीबोर्ड आणि मशीन एकाच डब्यात, टीव्हीला जोडून चालवायचा. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, एकावर एक, पंधरा-वीस दसऱ्यांची. फरहा मात्र बघत होती पाठीच्या स्क्रूवर चिकटवलेली कागदाची पट्टी. पट्टीवर निळ्या शाईत सही होती. यासीन, ४/९३.

तिच्या बापाची सही. आणि तो बाप दुकानाच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, पेपर वाचत बसला होता. सरांचा आवाज ऐकला आणि त्याचं पान उलटायचं राहिलं.

"शनिवारी आमच्या क्लासला पंचवीस वर्षं होतायत," सर सांगत होते. "ह्याच मशीनवर सुरू केला होता मी. स्टेजवर हेच चालू करायचंय, नगराध्यक्ष बटण दाबणार. पत्रिकासुद्धा वाटून झाल्या. आमचा भाचा कोन गावात असतो, तो म्हणाला, जुन्या बोर्डांचं काम पनवेलमध्ये ह्या मॅडमच करतात."

"बंद कधी पडलं?"

"शहाण्णवला. अहो, इथे एक मेकॅनिक होता, यासीन म्हणून. त्र्याण्णवला दुरुस्तीच्या नावाखाली आतले आठ आयसी, त्या महागड्या चिप, काढले आणि मुंबईत नेऊन विकले लेकाने. अख्ख्या पनवेलला माहीत आहे."

माहीत असणारच! ह्यांनीच तर दारोदार जाऊन सांगितलं होतं. महिन्याभरात यासीनच्या दुकानात चिटपाखरू फिरकेना. शटर खाली ओढून तो न्हावा शेव्याला कंटेनरचे नंबर टिपायला लागला, तो थेट पंधरा वर्षं. फरहा तेव्हा सातवीत होती. ती बाकावर येऊन बसली की पोरी आपापले कंपास दप्तरात टाकायच्या. ते ती विसरली नव्हती, विसरणारही नव्हती.

"तुम्ही उघडून बघितलं होतं?" तिने विचारलं.

"छे छे! सील आहे ना. सील तोडलं की वॉरंटी जाते. तो म्हणत होता, चार माणसांत उघडा आणि बघा. मी म्हटलं, मी बरा तोडेन! उद्या माझ्यावरच ढकलशील."

वा रे शहाणपण! झाकण उघडायला सील आडवं आलं, आळ घ्यायला नाही आलं.

मशीन उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावं असं फरहाला वाटलं. तिने स्क्रू-ड्रायव्हर सरांच्या पुढे धरला. "घ्या. तुम्हीच तोडा. नंतर म्हणाल, हिनेच काढलं."

सर हसले. ती हसली नाही. मग त्यांनी नखाने पट्टी फाडली, स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

कुबट वास आला. बोर्डाच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी बॅटरी फुटून गळली होती. तिची हिरवीनिळी बुरशी दूरवर पसरली होती, तांब्याच्या बारीक रेषा तिने खाऊन टाकल्या होत्या. आणि मधोमध, दोन ओळींत, काळे आयसी.

"मोजा," फरहा म्हणाली.

"काय?"

"आयसी. बोट ठेवून, मोठ्याने."

सरांनी मोजायला घेतलं. पाचाला आवाज खाली आला, सहाला पुटपुटले, पुढे नुसतंच बोट सरकलं.

"मोठ्याने म्हटलं ना!" तिने काउंटरवर थाप मारली. समोरचा चहावाला वळून बघायला लागला.

"आठ."

"बॅटरी गळलीय, सर. दोन-तीन वर्षांनी झाकण उघडून ती बदलायची असते. तुम्ही वरून हळद लावत बसलात."

सरांनी रुमालाने मान पुसली. "गैरसमज झाला खरा. जाऊ दे, जुनी गोष्ट. पण हे... शनिवारपर्यंत होईल ना?"

फरहाने कापूस व्हिनेगरमध्ये बुडवला आणि एका कोपऱ्यावर घासला. बुरशी सुटली, खालून तांबं चमकलं. "होईल की. दोन दिवसांचं काम." तिने हे मुद्दाम सांगितलं. नाही म्हणण्याआधी सरांचा जीव भांड्यात पडलेला तिला बघायचा होता.

कोपऱ्यातली खुर्ची सरकली. यासीन उठून काउंटरपाशी आला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

यासीनने चष्मा लावला. एकेका आयसीवर बोट ठेवत आठांवरून फिरवलं. मग व्हिनेगरच्या बाटलीला झाकण लावलं आणि घट्ट पिळलं.

"सर, सील तुटलंय," तो म्हणाला. "सील तुटलेल्या मशीनला ह्या दुकानात हात लावत नाहीत. उद्या माझ्यावरच ढकलाल."

"यासीन, अरे, हात जोडतो तुला. सगळे येणार आहेत. स्टेजवर हे चालू झालं नाही तर लोकांना सांगू काय मी?"

यासीनने झाकण उचलून मशीनवर नीट बसवलं. फाटलेली पट्टी काउंटरवर पडली होती, ती घडी करून खिशात ठेवली. मग मशीन दोन्ही हातांनी सरांच्या बाजूला सरकवलं.

"त्या वेळी सांगितलंत तेच सांगा, सर. यासीनने आयसी काढले. पनवेलला लगेच पटतं."