कबरीचं माप

गोंद्वे कुदळ घेऊन टेकडी चढला, तेव्हा त्याच्या बायकोला, एस्नातीला जाऊन एक रात्र उलटली होती. त्याला रडू आलं नव्हतं. काहीच आलं नव्हतं.

गावात घरच्यांनी कबर खणायची नसते, शेजारी खणतात. पण गोंद्वेने वीस वर्षांत कुणाचीच कबर खणली नव्हती. देव मानत नाही तर त्याच्या माणसांच्या मयताला कशाला जायचं, असा त्याचा हेका. पहाटे खणणाऱ्या पोरांचा निरोप आला, तुझं तू बघ. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

पंधरा दिवस तो गावाबाहेरच्या घरात एस्नातीच्या उशाशीच बसून होता. आता तिला मातीआड करायचं, एवढंच डोक्यात होतं.

वर कबर तयार होती. चर्चचा पंच म्होने आत उभा राहून एकटाच पायाकडची बाजू वाढवत होता. देवावरून गोंद्वेने वीस वर्षं ज्याचं डोकं खाल्लं, तोच हा म्होने.

"कुणाची रे?"

"एस्नातीची. घेऊन ये तिला."

"माप चुकलं वाटतं तुमच्या पोरांचं."

"दीड हात कमी पडली."

कडेची माती वाळलेली होती, पायाकडची ओली. यांना साधी लांबी मोजता येत नाही आणि हे मला स्वर्ग दाखवणार, असं गोंद्वेच्या मनात आलं.

"यासाठी मी चर्चला येणार नाही हां, सांगून ठेवतो."

"बोलावलंय कुणी तुला?"

म्होनेला धाप लागली होती.

"तुझी नात आठवडाभर फिरकली नाही," गोंद्वे म्हणाला. "तेम्वा भोपळ्याचा पाला आणेल, म्हणून एस्नाती दाराकडे बघत राहायची."

"ताप होता तिला."

"आता?"

"आता नाही."

दुपारी एस्नातीला लाकडी पेटीत घालून पुरलं. माती म्होनेनेच लोटली.

संध्याकाळी गोंद्वे त्याच्याकडे निघाला. उपकार अंगावर ठेवायचे नव्हते, म्हणून काखेत कोंबडी होती. वाद कुठून उकरायचा तेही वाटेत ठरलं होतं. वादाशिवाय त्या माणसाशी बोलणार तरी काय?

अंगणात बायका चटयांवर गप्प बसल्या होत्या. म्होने दारात होता, हातांवर सकाळची माती तशीच.

"पोरं उद्या दुसरी खणतो म्हणालीत," तो म्हणाला.

गोंद्वेने आत डोकावलं. जमिनीवर एक लाकडी पेटी होती, एस्नातीच्या पेटीपेक्षा दीड हात आखूड.