दोनशे सोळा नळ्या

ऑर्गनमध्ये दोनशे सोळा नळ्या होत्या, त्यांपैकी एकेचाळीस मुक्या. रविवारी एक जरी मुकी राहिली तर ऑर्गन भंगारात आणि त्या जागी कीबोर्ड, असं चर्चच्या कमिटीने ठरवलं होतं. चाळीस वर्षं तो वाजवणाऱ्या सालोमीमावशी त्या दिवसापासून धड जेवल्या नव्हत्या.

दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी मी पहिली मुकी नळी उलटी केली, तर आतून सुकी माती पडली. कुंभारीण माशीचं घर! मी ओरडलेच. मग सगळ्या नळ्या काढल्या, प्रत्येकीवर खडूने क्रमांक घातला आणि महिला मंडळाकडे धुवायला दिल्या.

संध्याकाळी त्या अंगणात चटयांवर लखलखत होत्या. क्रमांक एकीवरही नव्हता.

"चिंच लावून घासल्या," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "बिशप येणार, आणि खडूच्या रेघोट्या बऱ्या दिसतात का?"

एकेका सुराच्या चार नळ्या, चार वेगळ्या आवाजांच्या रांगांतल्या. मोबाइलवर सूर मोजता येत होता. रांग कशी कळणार?

"फुंक बाई," चटईवर बसत मावशी म्हणाल्या.

मी फुंकलं.

"मागची रांग. नाकात बोलते, आपल्या पाळकसाहेबांसारखी. पुढची आण!"

मंडळ खो खो हसलं. मी फुंकत गेले, मावशी रांग सांगत गेल्या, बायका नळ्या धावत आत नेत गेल्या. माझे ओठ सुजले, पण थांबावंसं कुणालाच वाटेना.

रविवारी उपासनेआधी मी प्रत्येक नळी वाजवून पाहिली. दोन नळ्यांची रांग चुकली होती. मुक्या नळ्या शून्य.