कलता बुरूज

"हा बुरूज तुझा नाही," पंच कामत पडद्यावरून म्हणाले. "विचार-तपासणीत स्पष्ट दिसतंय. तो तुझ्या दिनूकाकांचा आहे."

"त्यांनीच शिकवलाय," वृषाली म्हणाली. "दिवाळीत आम्ही अंगणात मातीचा किल्ला करायचो. बुरूज आतल्या अंगाला जरा कलता ठेवायचा, म्हणजे ढासळत नाही. काका आता नाहीत."

ऑनलाइन खेळातल्या गडबांधणी स्पर्धेत उसनी कल्पना चालत नसे.

"मग डोकं साफ करून घे," कामत समजुतीनं म्हणाले. "केंद्रात येऊन मशीनखाली बसायचं. काकांची आठवण जाते, बुरूज राहतो. मग तो तुझाच. अंतिम फेरीतल्या सगळ्यांनी करून घेतलंय. नियम सगळ्यांना सारखा."

"गेल्या वर्षीच्या विजेत्यानंही?"

"त्यानंही. त्याचा भाऊ बक्षीस समारंभाला आला होता. आयोजकांनीच दोघांची एकमेकांशी ओळख करून दिली."

"आणि पंचांनाही डोकं साफ करावं लागतं?"

"पंचांना तर आधी. निवाडा निःपक्षपाती हवा ना."

"सर, तुम्हाला किल्ला करायला कुणी शिकवलं?"

"मला? मला तर..." कामतांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

वृषालीनं प्रवेशिका उघडली आणि स्वतःच्या नावाच्या आधी काकांचं नाव घातलं. पडदा लाल झाला.

"आता बाद करा," ती म्हणाली. "आणि कारण सगळ्यांना दिसेल असं लिहा. बुरूज दिनकर सखाराम पाटोळे यांचा आहे, आणि ते मला आठवतात."