पुढचा शब्द

कल्पना करा, एक शब्द तुमच्या ओठांपर्यंत आलाय. जरासा अडलाय, इतकंच. तेवढ्यात तिघं धावत येतात आणि तो तुमच्या तोंडातून काढून घेतात. प्रेमानं, बरं का!

खाटेवर बसलेल्या आजोबांचं आत्ता तसंच झालं होतं.

"पाणी हवंय?" बाबांनी विचारलं.

"उशी सरकली असेल," आई म्हणाली.

"अरे, गारठलेत ते. पंखा बंद कर आधी," आत्या दारातूनच ओरडली.

आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि मान डोलावली. पंखा बंद झाला.

आजोबा जन्मभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. ते असताना रंगमंचावर कधी शांतता पडली नाही. हळूहळू घरालाही तीच सवय जडली. त्या घरात कुणाचं वाक्य अर्धं राहत नसे. त्यातून नात बोलताना अडखळायची. मग काय, सगळ्यांच्याच हाताला काम! तिनं "मला..." म्हणायचा अवकाश, की आजोबा "चित्रकलेचा वर्ग लावायचाय!" म्हणून मोकळे. ती मान डोलवायची. "पोरीच्या मनातलं मला बरोबर कळतं," म्हणून आजोबा खूश. पुढे पुढे ती फारसं बोलेनाशीच झाली. तिला बोलायची गरजच पडत नाही, असं आई कौतुकानं सांगे.

मग आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचे शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, "येतील, सावकाश येतील." पण सावकाश म्हणजे काय, हे त्या घराला कुठे ठाऊक होतं?

आज आत्या त्यांना आपल्या गावी न्यायला आली होती. कायमचं. सामान गाडीत चढलं होतं.

"अण्णा, ताईकडे राहायचं ना?" बाबांनी विचारलं. "घर मोठं आहे, हवा चांगली आहे."

आजोबांचे ओठ थरथरले.

"हो म्हणतायत," आत्या म्हणाली.

आजोबांनी मान डोलावली.

"आ... आजोबांना..." नात पुढे आली.

"आजोबांची आठवण येईल, हो ना गं राणी?" आत्यानं तिचंही वाक्य पुरं केलं.

या वेळी तिनं मान डोलावली नाही. ती आजोबांच्या पायाशी जाऊन बसली. बाबा काही बोलणार, तोच तिनं हात वर केला.

"कु... कुणी बोलू नका."

खोली गप्प झाली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आजोबांच्या कपाळावर घाम आला. बाबांच्या जिभेवर शब्द येत होते, ते गिळत होते. ती मात्र आजोबांच्या तोंडाकडे बघत स्वस्थ बसून राहिली.

"इ..." आजोबा म्हणाले. बऱ्याच वेळानं उरलेला शब्द आला. "इथंच."

बाबा त्यांच्याजवळ येऊन बसले. "अण्णा, मग मघाशी मान का डोलावलीत?"

आजोबांना सांगता येईना. नातीनं सांगितलं.

"लोक थ... थांबत नाहीत ना, बाबा. मग ते म्हणतील त्याला मान डोलवायची. मी... मी पण तेच करते."

आईनं तोंडावर पदर धरला. आजोबांचे खांदे गदगदू लागले.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुला..." बाबांचं वाक्य अर्धंच राहिलं. ते कुणी पुरं केलं नाही.

आजोबांनी आपला चालता हात नातीच्या डोक्यावर ठेवला. "बो... ल," ते म्हणाले.

तिनं श्वास घेतला. "म... म..." पहिल्याच अक्षरावर ती अडली. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे गप्प होते. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.