बोहनी

"अगो, आधी माझी मान मोडून दे," मजीद म्हणाला आणि लेकीकडे पाठ करून खुर्चीत बसलासुद्धा. "आज बोहनी माझ्यापासून कर. पहिलं गिऱ्हाईक घरचं असलं की दिवस वाया जात नाही."

महेकने घड्याळ पाहिलं. साडेआठ. दहाला मस्कतच्या कुरुम भागात परीक्षा. कायरोप्रॅक्टरच्या लायसन्सची, म्हणजे हाताने मान-पाठ नीट करून देण्याच्या विद्येची. तिसरी आणि शेवटची संधी. या वेळी आपटली की पुन्हा बसायची पात्रताच खलास. चार वर्षं परदेशात शिकवलं होतं बापाने, आणि आत्तापासूनच अल मवालेहच्या अख्ख्या भाजीबाजारात सांगून ठेवलं होतं, आमची पोर डॉक्टर आहे.

दोन्ही वेळा परीक्षक एकच होता आणि कारणही एकच. "तुमचा हात चांगला आहे," तो म्हणाला होता, "पण तुम्ही आधी हात लावता आणि मग विचारता." महेक दोन दिवस जेवली नव्हती. मजीदने त्या परीक्षकाच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. हात चांगला आहे ना, मग झालं! विचारत काय बसायचं, पोलीस आहे का ती?

"परवा कांद्याची गोण उचलली, तेव्हापासून हीच बाजू धरलीय," मजीद मान चोळत म्हणाला. "आणि डोकं असं ठणकतंय, जन्मात ठणकलं नव्हतं."

"अब्बा, तुमचं प्रत्येक दुखणं जन्मातलं पहिलंच असतं."

तो हसला. त्याची डावी पापणी अर्धी खाली आली होती. पहाटे तीनला माल उतरवायला उठणारा माणूस तो, डोळ्यांवर झोप असायचीच. महेकने त्याची हनुवटी धरली, मान वळवली आणि झटका दिला. कट्ट.

"झाली बोहनी!" मजीद म्हणाला. "आता इन्शाल्ला पास."

कुरुमच्या वळणावर गाडीचं चाक फुटपाथला खर्रकन घासलं. तीस वर्षं मस्कतमध्ये गाडी चालवली होती त्याने, कधी ओरखडा नाही. "रस्ता दोन-दोन दिसतोय," तो पुटपुटला. "ऊन गो, ऊन." महेक नोट्समध्ये डोकं खुपसून बसली होती. ती नुसती हं म्हणाली. काय म्हणावं या पोरीला!

तो गाडीतच थांबला, एसी लावून, हातात तसबीहची माळ घेऊन. तिने मोबाइल खाली काउंटरवर जमा केला आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. पुन्हा तोच परीक्षक. तीच कडक इस्त्रीची पायघोळ दिशदाशा, तोच नाकावर घसरलेला चष्मा.

"आज पेशंट मीच," तो इंग्रजीत म्हणाला आणि समोरचा कागद उचलला. "माझी मान दुखते. करा सुरुवात."

महेकने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. आज विचारायचं. सगळं विचारायचं.

"कधीपासून दुखतेय?"

"दोन दिवस."

"काही जड उचललं होतं?"

"हो."

"दोन्ही बाजूंना दुखतंय?"

"एकाच."

"आणि डोकं?"

परीक्षकाने कागदावरून वाचलं, "असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं."

पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता. तरी तिने विचारला. "डोळ्यांना काही त्रास?"

"एक पापणी उतरली आहे. आणि सगळं दोन-दोन दिसतंय." त्याने कागद खाली ठेवला. "काय कराल?"

"मानेला हात लावणार नाही." महेकला आपलाच आवाज लांबून ऐकू येत होता. "मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते. ताबडतोब हॉस्पिटल."

"आणि हात लावला तर?"

"मेंदूचं रक्त थांबू शकतं."

परीक्षक पहिल्यांदाच हसला. त्याने कागदावर मोठी खूण केली. "शाब्बास! हेच तर दोनदा चुकलं होतं तुमचं. आता फक्त प्रात्यक्षिक राहिलं. वीस मिनिटं. मग तुम्ही मोकळ्या."

महेक उठली आणि टेबलाकडे न जाता दाराकडे गेली.

"अहो, दाराबाहेर पाऊल टाकलंत तर ही संधीही गेली," तो घाबरून म्हणाला. "नियम आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. लिफ्टची वाट न बघता ती जिना उतरली.

गाडी चालूच होती. तसबीह मजीदच्या पायाशी पडली होती आणि त्याचा डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. लेकीला पाहून तो हसला. अर्धंच तोंड हसलं.

"फास?" त्याने जड जिभेने विचारलं.

"हो अब्बा," महेक खोटं बोलली. त्याला बाजूच्या सीटवर सरकवलं, मान एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने गाडी हॉस्पिटलकडे पिटाळली.

हॉस्पिटलमधली तरुण डॉक्टरीण त्याला हात लावण्याआधी विचारत गेली. कधीपासून, कुठली बाजू, डोकं, डोळे. महेक एकेक उत्तर देत गेली. तिला सगळी उत्तरं पाठ होती. डॉक्टरीण भराभर लिहीत होती.

"मानेला कुणी हात लावला होता?"

"मी. आज सकाळी."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

स्ट्रेचरवर मजीदने चांगला हात उचलून लेकीकडे बोट केलं. "होय," तो वाकड्या तोंडाने, मोठ्या कष्टाने म्हणाला. "माझी पोर. आजच फास झाली."

"नाही," महेक म्हणाली.