एका दाताची कवळी

थोरलीला मुलगी झाली त्या वर्षी धाकटीचा गाल सुजला. डाव्या बाजूला, वर, जिथे तिचा सुळा कधी आलाच नव्हता.

ती जागा बाबांची. बाबा कवळ्या बनवायचे. ती बारा वर्षांची असल्यापासून ते तिला एका दाताची कवळी करून देत, जुनी सैल झाली की नवी. दात हुबेहूब, फक्त किंचित आत वळलेला. गिऱ्हाइकांचा मात्र एकही दात वाकडा नसे.

"माझाच वाकडा का हो बसवता?" ती कुरकुरायची.

"हात तसाच जातो."

गाठ आहे म्हटल्यावर बाबांचं जेवण सुटलं. ऑपरेशनला नेताना त्यांनी तिच्याकडे बघायचंही टाळलं.

भुलीत धाकटी पाण्याखाली चालत होती. पायाखालच्या वाळूतून चिमुकले पांढरे कोंब वर येत होते. जाग आली तेव्हा बाबा उशाशी बसले होते. मांडीवर निळा कागद, कागदावर तांदळाच्या कणीएवढे दात. तेवीस. गाठ म्हणजे एवढंच होतं. दाताच्या बीजानंच आत मांडलेला खेळ, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जिवाला काही धोका नाही. या सगळ्यांच्या मागे तिचा खरा सुळा अडकून पडला होता. साखळी लावून तो हळूहळू खाली आणता येणार होता.

बाबांची बोटं सवयीनं ते दात ओळीत लावत होती.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "सात वर्षं दार रंगवत बसलो. आत कुणी अडकलंय का, एकदाही बघितलं नाही."

"आता एक गिऱ्हाईक गेलं तुमचं," ती सुजल्या तोंडानं म्हणाली.

"सुटलो. फार कटकट करायचं."

पुढे रोज सकाळी ते तिला खिडकीशी नेत आणि अंगठ्यानं हिरडी चाचपत. "येतोय, येतोय." जणू कुणी जिन्यावरून सावकाश उतरत होतं.

सुळा आला तो किंचित आत वळलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सरळ करून टाकू. पोरीला कडेवर घेऊन थोरली वाकली आणि बघतच राहिली.

"अगं, हा तर आईचा दात!"

"मग राहू दे," धाकटी म्हणाली.

आई गेली ती धाकटीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी. बाबा गेले ते सुळ्याचं टोक दिसायच्या तीन आठवडे आधी.